मोठ्या आईचं औषधपाणी

आमच्या घराण्यात औषध घेणारी माणसं पुष्कळ होऊन गेली, पण औषध देणारं माणूस एकच. मोठी आई. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे, नागपूरच्या वर मध्य प्रदेशात, थोरल्या काकांना मोठे बाबा आणि त्यांच्या बायकोला मोठी आई म्हणतात. यात सोय अशी की पोराला दोन आया मिळतात आणि एकीनं मारलं की दुसरीकडे पळता येतं. मी आयुष्यभर पळत आलो. कागदोपत्री माझं नाव चांगलं भारदस्त आहे, पण तिच्यासाठी मी बाल्या. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पांढुर्ण्याच्या बँकेत लोक मला साहेब म्हणायला लागले, तरी सौंसरच्या घराचं फाटक उघडलं की आतून आवाज यायचा, "आला का बाल्या? किती वाळला रे!" वजनकाटा माझ्याबद्दल असं कधी बोललेला नाही.

ती गेली त्याला संत्र्याचे दोन हंगाम झाले. अजूनही कुणाच्या घरी शिरा पुढे आला की मी आधी चमच्यानं तो उकरून पाहतो. बायकोला वाटतं, मी काजू शोधतो. मी गोळी शोधत असतो.

कारण मोठ्या आईचं एक ठाम मत होतं. "सांगून कोण आयकते? पोटात गेलं की झालं." माणसाला पटवून देण्यात तिनं कधी वेळ घालवला नाही. लहानपणी मला हिवताप आला तेव्हा ती कडू गोळी मी तीनदा थुंकून टाकली. चौथ्यांदा ती शिऱ्यातून आली. पाचव्यांदा केळ्यातून. मी केळ्यावर संशय घ्यायला लागलो तेव्हा गुळाच्या खड्यातून. शेजारच्या कुत्र्यालाही तिनं जंताचं औषध पोळीत गुंडाळून दिलं होतं, आणि तो कुत्रा पुढे आमच्या घराकडे माझ्यासारख्याच नजरेनं पाहायचा.

माझ्या लग्नाच्या दिवशी घाबरून माझं पोट बिघडलं. हे मी फक्त तिला सांगितलं. मुहूर्ताच्या आधी, सगळ्या वऱ्हाडासमोर, ती ताटलीत पेढा घेऊन आली. "घे राजा, शकुनाचा." मी भरवशानं चावला. त्याच क्षणी फोटोवाल्यानं फोटो काढला. तो अल्बममध्ये पहिल्याच पानावर आहे. सासरच्या माणसांचा कित्येक वर्षं असा समज होता की मुलगा लग्नाला राजी नव्हता.

ही सवय औषधापुरती असती तर मी एवढं लिहिलं नसतं. मोहगावच्या रस्त्याला आमची संत्र्याची बाग आहे, मोठे बाबा आणि माझे वडील या दोघा भावांची. विहीर एक. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं. मोटर कुणी कधी लावायची यावरून आधी बोलाचाली झाली आणि मग बोलणंच बंद झालं. वडील पांढुर्ण्यात, मोठे बाबा सौंसरला, आणि मधल्या रस्त्यावर मोठी आई. ती आमच्याकडे आली की वडिलांना म्हणायची, "हे विचारून राहिले होते, धाकट्याचा खोकला कसा आहे म्हणून." मोठ्या बाबांनी असं काही विचारलं नव्हतं. मग सौंसरला जाऊन लिंबाच्या लोणच्याची बरणी मोठ्या बाबांपुढे ठेवायची. "धाकट्यानं पाठवली. म्हणे, दादाले आवडते." लोणचं तिनंच घातलेलं होतं. पोळ्याचा सण यायच्या आत दोघे भाऊ एका बाजेवर बसून चहा पिऊ लागले. आपण मोठ्या मनानं आधी माफ केलं, असं दोघांनाही शेवटपर्यंत वाटत राहिलं. मला हे कळलं तेव्हा मी तिला म्हटलं, "मोठी आई, ही तर सरळ सरळ लबाडी झाली."

"लबाडी कायची? त्यायच्या मनात होतंच ते. निघून नव्हतं राहिलं. म्या काढलं."

घरातलं कुठलंही दुखणं, कुठलंही भांडण वर येण्याआधीच ते विझवायचं, हे तिचं काम. तिच्यासमोर कुणी तळमळलेलं तिला पाहवत नसे.

आता मोठे बाबा. ते सौंसरच्या शाळेत मास्तर होते, आणि त्यांच्याइतका सावकाश माणूस मी पाहिलेला नाही. ते बशीत चहा ओतून फुंकत बसले की खाली आशेनं बसलेली मांजर कंटाळून निघून जायची. प्रश्न विचारला की आधी चष्मा काढणार, पुसणार, घालणार, आणि मग "काय म्हणला?" असं विचारणार. अशा माणसाचं हृदय धावायला लागलं, यात देवाचा काय विचार होता कोण जाणे.

पहिल्यांदा झालं ते बागेत, फळांचा तोडा चालू असताना. संत्र्यांनी भरलेल्या क्रेटवर ते अचानक बसले आणि म्हणाले, "छातीत थ्रेशर सुरू झालं वं." मोठ्या आईनं हात लावून पाहिला. सदऱ्याचं कापडसुद्धा थरथरत होतं. अर्ध्या तासानं, जसं आलं तसंच, एकदम थांबलं.

मग ओवा आणि काळं मीठ झालं, कारण आमच्याकडे पहिला संशय गॅसवर. मग मिरच्या ओवाळून नजर काढून झाली. जामसावळीच्या मारुतीला नवस बोलून झाला. दवाखान्यातही नेलं, पण दवाखान्याच्या पायरीशी पोचेपर्यंत थ्रेशर बंद. डॉक्टर ईसीजीची पट्टी काढायचे, पट्टीत काही खोट नाही. "टेन्शन घेऊ नका गुरुजी." मोठ्या बाबांनी आयुष्यात टेन्शन कधी दिलंही नव्हतं आणि घेतलंही नव्हतं. शेवटी एकदा पांढुर्ण्यात, आमच्याच घरी, जेवताना सुरू झालं आणि थांबलं नाही. मी त्यांना तसंच गाडीत घालून नेलं आणि पट्टीवर ते एकदाचं सापडलं. तिथून आम्ही नागपूरला गेलो.

नागपूरच्या डॉक्टरबाई वयानं माझ्या पुतणीएवढ्या. हृदयाच्या विजेचंच काम करणाऱ्या. त्यांनी सांगितलं की हृदय चालतं ते विजेच्या बारक्या लहरीवर. ती लहर एका ठरलेल्या जागेवरून निघायला हवी. काकांच्या हृदयात दुसऱ्याच एका जागेनं मध्येच लहरी सोडायला सुरुवात केली आहे, म्हणून ते असं सुसाट सुटतं.

मोठ्या आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी हात लावला तवा मले शॉक काऊन नाही लागला?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "फार बारीक असते हो काकू ती वीज," म्हणाल्या. मला त्या तेव्हापासूनच आवडल्या.

गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळ्या म्हणजे मोठ्या आईचंच राज्य. सकाळची नाश्त्याआधी, रात्रीची दुधानंतर. मोठे बाबा मुकाट्यानं घेत. तरी त्या गोळ्यांनी त्यांना चक्कर यायची, आणि थ्रेशर काही पुरतं गेलं नाही. एकदा ते दोघं स्कूटरवरून बागेत निघाले असताना मोहगावच्या रस्त्यावरच सुरू झालं. मोठ्या बाबांनी गाडी कडेला घेतली आणि पुलाच्या कठड्यावर बसले. मोठ्या आईनं त्यांच्या डोक्यावर पदर धरला. येणारा-जाणारा ओळखीचा. "काय झालं गुरुजी?" असं विचारलं की हीच उत्तर द्यायची, "गाडी गरम झाली बाप्पा. थंडी होऊ देऊन राहिलो."

त्यानंतर त्यांचं एकट्यानं बागेत जाणं बंद झालं. ते जातील तिथं ती. ते झाडाखाली उभे, ती बांधावर बसलेली. ते पुढच्या ओळीत गेले की हीसुद्धा उठणार. मोठे बाबा एकदा मला म्हणाले, "बाल्या, चाळीस वर्षं वर्गातल्या पोरांवर नजर ठेवली. आता समजते, पोरायले कसं वाटत असन."

दोनेक वर्षांनी डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीसारख्या यंत्रावर हृदय पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. म्हणाल्या, सारखं धावून हृदय थकायला लागलंय. असंच चाललं तर ते नीट पाणी ओढणार नाही. म्हणजे त्या रक्त म्हणाल्या होत्या. पाणी हे मोठ्या आईनं घरी सांगताना केलं, आणि विहिरीच्या माणसांना ते लगेच कळलं.

उपाय होता. मांडीतल्या शिरेतून बारीक तारांसारख्या नळ्या हृदयापर्यंत न्यायच्या. त्यातल्या एका नळीच्या टोकाला विजेचा वास घेणारे पुष्कळ बारीक ठिपके. ती नळी हृदयाच्या आत जागोजागी टेकवत फिरवायची, आणि कॉम्प्युटरवर आतला नकाशा तयार होतो: लहर आधी कुठं निघाली, मग कुठं गेली, हे रंगांनी दिसतं. जिथून सगळ्यात आधी निघाली ती खोडीची जागा. तेवढीच जागा चटका देऊन बंद करायची. मात्र एक अट होती. हृदय तिथं टेबलावर धावायला हवं. "धावलं तरच कुठून धावतं ते दिसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणून पाच दिवस आधी गोळ्या पूर्ण बंद. त्या दिवसांत धडधड झाली तर होऊ द्यायची. फक्त छातीत दुखलं, दम लागला किंवा भोवळ आली, तर लगेच दवाखाना.

घरातला शिकलेला माणूस म्हणून ही सगळी सूचना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी स्वयंपाकघरात मोठ्या आईसमोर उभं राहून, हातवारे करून, दोनदा सांगितलं. मी फार छान समजावून सांगतो असं मला वाटतं. तिनं पोळी लाटता लाटता "हो हो" म्हटलं.

ठरल्या दिवशी मोठ्या बाबांना आत नेलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. दुपार कलली तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"नाही झालं. नळ्या टाकल्या, बाहेरून विजेचे बारीक ठोके देऊन पाहिले, औषधानं डिवचून पाहिलं. काकांचं हृदय अगदी सरळ चालतंय. एकदाही धावलं नाही. नकाशा काढू कशाचा?" मग त्यांनी विचारलं, "गोळ्या नक्की बंद होत्या ना?"

"शंभर टक्के," मी म्हणालो. "मी स्वतः समजावून सांगितलं होतं."

मोठी आई तिच्या पिशवीची चेन लावत होती. लागलेली चेन पुन्हा उघडून पुन्हा लावत होती.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. सावनेर मागे पडलं. मग मागच्या सीटवरून मोठे बाबा म्हणाले, "शाळेत इन्स्पेक्टर आला की सगळ्यात बदमाश पोट्टा हाताची घडी घालून बसते. तसंच झालं बाल्या." ते हसले, पण थकून हसले. "आता पुन्हा कोण एवढं करते? राहू द्या. जेवढं चालन तेवढं चालन." एरवी अशा वाक्यावर मोठ्या आईनं त्यांना झाडलं असतं. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

घरी पोचलो. तिनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः जेवली नाही. मोठे बाबा झोपल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "बाल्या, म्या देल्या त्या."

"काय दिल्या?"

"गोळ्या. शिऱ्यात. रातची केळ्यात."

मी त्या शिऱ्याचा सगळ्यात जुना रोगी, आणि माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. ते पाचही दिवस मी तिथं होतो. सकाळी सकाळी मोठ्या बाबांना शिरा मिळतोय आणि आपल्याला पोहे, याचं मला वाईट वाटलं होतं. त्यापुढे माझी बुद्धी गेली नव्हती.

"अगं, पण मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं तं. मले समजलं बी. पहिल्या दिवशी नाही देल्या." तिनं ओटा पुसायला घेतला. "त्या दिवशी तू आंघोळीले गेला, आन् त्यायचं सुरू झालं. मले म्हणे, काही नाही, बस इथं. ओठ पांढरे झाले होते रे त्यायचे. मी बसली. थांबलं. मंग मले वाटलं, एवढ्या मोठ्या आपरेशनले न्यायचं माणूस, त्याले असं उपाशी कसं न्यायचं? औषध तं औषध हाये, त्यानं वाईट कसं होईन?" मग तिनं पदर डोळ्यांना लावला. "आता ते म्हणून राहिले, राहू द्या. माह्या हातानं झालं हे."

मी म्हणालो, मी फोन करून डॉक्टरबाईंना काहीतरी सांगतो. "काहीतरी नको," ती म्हणाली. "लाव. मी बोलते."

फोनवर ती सगळं बोलली. शिरा, केळं, ओठ, सगळं. मी शेजारी उभा राहून घामाघूम झालो. फोन स्पीकरवर होता. मला वाटलं आता या बाई फोन ठेवतील.

"काकू," डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. म्हणजे त्यांचं दुखणं लपलेलं होतं, गेलेलं नव्हतं. पुन्हा करू. पण या वेळी ते वर येऊ द्यावं लागेल. तुम्ही झाकलं तर मला दिसणार नाही."

"मंग त्या पाच दिवसांत मी काय करू?"

"काहीच नाही."

मोठ्या आईला आयुष्यात कुणी असं औषध लिहून दिलं नसेल. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ रिकाम्या हातांकडे पाहत बसली होती.

मोठ्या बाबांना राजी करायला मी मोठं भाषण तयार ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही. तिनंच जाऊन त्यांना सांगितलं, काय केलं ते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हणून शिरा कडू लागून राहिला होता," म्हणाले. "मले वाटलं, तुह्या हाताची चव गेली. बोललो नाही." आणि मग, "चाल, जाऊ पुन्हा."

दुसऱ्या खेपेलाही पाच दिवस आधीच मी रजा टाकून सौंसरला जाऊन राहिलो. तिनं गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. "गाडीत ठेव, कुलूप लाव. चावी मले देऊ नको. मांगितली तरी देऊ नको." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती मागितली. मी दिली नाही. "शहाणा झाला बाल्या," ती म्हणाली, आणि मला ते कौतुक वाटलं की शिवी, हे अजून ठरलेलं नाही.

हातांना काम हवं म्हणून तिनं कपाशीचा कापूस घेऊन देवाच्या वाती वळायला घेतल्या. दिवसभर वाती. टोपली भरली की दुसरी टोपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात बसलो होतो. मोठे बाबा पेपर वाचत होते. पेपर एकदम खाली आला. "चालू झालं," ते म्हणाले.

मी ताडकन उठलो. गाडीची चावी हातात, चपला उलट्या पायात.

"बस खाली, बाल्या," मोठी आई म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, "दुखून राहिलं का?"

"नाही."

"दम?"

"नाही. फक्त धावून राहिलं."

"मंग धावू द्या."

ती जागची हलली नाही. त्यांच्या गळ्यावरची शीर उडत होती, मला चार हातांवरून दिसत होती. तिलाही दिसत होती. कपाळावर घाम आला तो त्यांनी स्वतः पुसला. दूधवाला आला, दूध घालून गेला, तिनं त्याला म्हैस व्याली का तेही विचारलं. हात वळतच होते. पण एरवी तिची वात उदबत्तीच्या काडीएवढी बारीक असायची. त्या दुपारच्या वाती मी नंतर पाहिल्या. एकेक अंगठ्याएवढी जाड.

"थांबलं," मोठे बाबा म्हणाले तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. ती उठली, आत गेली, आणि मोरीत तोंडावर पाणी मारत असल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

नागपूरला या वेळी आत गेल्यावर फार वेळ लागला नाही. टेबलावर त्यांना अर्धवट जागं ठेवलं होतं. नळ्या आत गेल्या, ठोके दिले, आणि हृदय सुटलं. मोठे बाबा तशाही अवस्थेत म्हणाले म्हणे, "घ्या मॅडम, पोट्टा उभा राहिला." आतल्या सगळ्यांना हे काय ते कळलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी डॉक्टरबाईंना सावकाश समजावून सांगितलं.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावून पडद्यावर नकाशा दाखवला. हृदयाचा उजवीकडचा वरचा कप्पा, वाकड्यातिकड्या आंब्यासारखा. त्यावर रंग: जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, आणि एका कडेला लाल. पडद्यावर ती लहर पुन्हा पुन्हा त्या लाल जागेतून निघून सगळ्या आंब्यावर पसरत होती, विहिरीत खडा टाकल्यावर पसरते तशी. "इथून," डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं. "इथं चटका दिला आणि धावणं जागच्या जागी थांबलं. मग आम्ही पुष्कळ डिवचून पाहिलं. पुन्हा आलं नाही."

मोठी आई पडद्याच्या अगदी जवळ गेली. "एवढंसंच?"

"एवढंसंच."

"तिळाएवढं तं हाये." ती पाहत राहिली. "एवढं लहान होतं तं त्याले समजावून नसतं जमलं का?"

या वेळी मात्र डॉक्टरबाई हसल्या. "हे समजावणीतलं नव्हतं काकू."

"नसन," मोठी आई म्हणाली. पण जाताना तिनं पुन्हा एकदा मागे वळून त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत त्याच्याविषयी राग नव्हता. घरातल्याच कुणाला तरी बाहेर काढावं लागलं, असं काहीतरी होतं.

सुट्टी देताना डॉक्टरबाईंनी सांगितलं, पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ नाडी मोजा. तिथल्या सिस्टरनं मोठ्या आईला शिकवलं: मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, घड्याळाचा काटा पाहायचा, मोजायचं. मोठ्या बाबांनी हात पुढे केला. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि मग तो धरला. मी माझ्या पन्नास वर्षांत त्या दोघांना एकमेकांचा हात धरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दोघांच्या मधून तिसरा माणूस सहज जाईल एवढी जागा आहे.

सौंसरच्या घरी बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाखाली खुर्ची मांडून हा कार्यक्रम रोज चालायचा. ती मोठ्यानं मोजायची, मोठे बाबा मध्येच बोलले की "गप बसा, चुकली ना मी" म्हणून पुन्हा पहिल्यापासून. आकडा रोज मला फोनवर कळवला जायचा. पंधरा दिवस झाले, तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. गोळ्या बंद झाल्या, या वेळी खरोखर. मोठे बाबा एकटे स्कूटर काढून बागेत जाऊ लागले. पहिल्या दिवशी ती फाटकापर्यंत गेली, गाडी वळणाआड होईपर्यंत उभी राहिली आणि परत येऊन भाजी निवडायला बसली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. तोडा चालू होता. मी बागेतून दोन क्रेट संत्री घ्यायला गेलो होतो. जेवणं झाली, क्रेट गाडीत ठेवले. निघालो, आणि चष्मा आतच राहिल्याचं फाटकाबाहेर गेल्यावर लक्षात आलं. परत आलो तर दोघं अंगणात बाजेवर उन्हात बसली होती. मोठ्या बाबांनी पेपर एका हातात धरला होता. दुसरं मनगट तिच्या मांडीवर, आणि त्यावर तिची दोन बोटं. घड्याळ आत बैठकीत होतं. ती डोळे मिटून बसली होती.

मी फाटकाशीच थांबलो.

"झाले ना वं पंधरा दिवस कवाचे," मोठे बाबा पेपरमधून वर न पाहता म्हणाले. "आता कायले मोजते?"

तिनं डोळे उघडले नाहीत.

"मोजून कोण राहिलं?"